समोरची फौज

काल वरच्या खोलीतली पत्र्याची पेटी उघडली, तर आधी हाताला एक गुंडी लागली. कोटाची, काळी, जाड. तिच्यावर मातीचे दोन पाय होते, नडगीपासून मोडलेले. बाकीचा माणूस पेटीच्या तळाशी भुशात कुठंतरी असणार. मी तशीच फरशीवर बसले आणि लाकडाच्या भुशात हात घालून त्याला शोधायला लागले. पन्नाशीची बाई, गुडघे कुरकुरायलेत, खालून दीर हाका मारायलेत, आणि मी आपली भुसा चाळत बसलेय. माझ्या मुलानं बघितलं असतं तर म्हणाला असता, आई, वेडी आहेस का तू. असेन.

सेलूचं हे आमचं घर. खाली कापडाचं दुकान, वर दोन खोल्या आणि गच्ची. लग्न होऊन मी पेडगावहून ह्या वरच्या खोलीत आले आणि बरीच वर्षं इथंच राहिले. मग आम्ही पुण्याला गेलो. का गेलो ते सांगत बसत नाही, जायचं होतं, गेलो. आता दिरांना वरचा मजला पाडून नवा बांधायचाय. वैनी, तुमचं काय सामान असंल ते बघून घ्या, असा त्यांचा फोन आला, म्हणून ह्यांना घेऊन आले. ह्यांना म्हणजे आमच्या मालकांना. देवगाव फाट्यावर दीर गाडी घेऊन उभेच होते. ह्यांना खुर्चीसकट वर आणायला त्यांच्यासोबत दुकानातला माणूस लागला. ह्यांची उजवी बाजू लकव्यानं गेली, आणि बोलणंही गेलं. वर आणून खिडकीपाशी बसवलं की रस्त्याकडं बघत बसतात. जिकडं तोंड करून बसवावं तिकडं बघतात. डॉक्टर म्हणतात, समजतंय त्यांना सगळं. असेल बाई. मला कधी वाटतं समजतं, कधी वाटतं मी भिंतीशी बोलतेय.

त्या पेटीत माझा एक प्रश्नही पडून होता. ह्यांचा आणि माझा एक खेळ होता, लढाईचा. त्यात मी एकदाच जिंकले. ते मी जिंकले, की ह्यांनी मला जिंकू दिलं, हे मला कधी कळलं नाही. उद्या विचारू, परवा विचारू, असं करत मी ते ठेवून दिलं. माणूस कुठं पळून चाललाय, असं वाटायचं. आणि मग ह्यांचं बोलणंच गेलं.

ह्यांनी पुण्यात शिक्षण केलं. तिथं ज्यांच्या घरात खोली घेऊन राहायचे ते घरमालक फौजेतले निवृत्त कॅप्टन होते. त्यांनी ह्यांना हा नाद लावला. बोटाच्या पेराएवढे शिपाई, मेजावर मांडायचे. जुन्या काळातली खरी एखादी लढाई घ्यायची आणि ती दोघांनी दोन बाजूंनी पुन्हा लढायची. कोण किती पुढं जाणार ते पट्टीनं मोजायचं, कोण पडणार ते फाशांनी ठरवायचं. शिक्षण संपवून हे सेलूला दुकानावर यायला निघाले, तेव्हा कॅप्टनसाहेबांनी ह्यांना एक अख्खी फौज भेट दिली. शिशाची, रंगवलेली, मराठ्यांची. घोडेस्वार तर इतके सुंदर, की घोड्याच्या नाकपुड्यासुद्धा दिसायच्या.

पण फौज एकच. समोर कुणी नाही. सगळ्या परभणी जिल्ह्यात ह्यांच्याशी हा खेळ खेळणारं माणूस मिळणार कुठून? लग्न झालं त्या दिवसांत मी बघायचे, सोमवारी दुकान बंद असलं की दुपारचं जेवण झाल्यावर हे वर यायचे, कापड कापायच्या फळीवर खाकी पॉपलीन पसरायचे, घोडेस्वार ओळीनं मांडायचे आणि नुसतं बघत बसायचे. फळीची दुसरी बाजू रिकामी. मला आधी हसू यायचं. मग एका सोमवारी वाईट वाटलं.

“समोर कुणीतरी पायजे,” हे म्हणाले. “तू बसतीस का?”

मी म्हटलं, बसते, पण माझ्याकडं फौज कुठंय. तर म्हणाले, करू की. शिकणाऱ्याची पहिली फौज लहान असावी, सांभाळता येईल एवढी. घोड्यांच्या मागं लागू नये, आधी पायदळ करावं, मग दोन तोफा, मग बाकीचं. हे सगळं त्यांनी असं गंभीरपणानं सांगितलं, की मला वाटलं खरंच कुणीतरी चाल करून येतंय सेलूवर.

पोळा नुकताच झाला होता. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बैल करायला आणलेली काळी माती घमेल्यात उरली होती. ओल्या काळ्या मातीचा वास ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. मी त्या मातीचे शिपाई केले, हौसेनं, दोन दुपारी बसून, आणि गच्चीवर उन्हात वाळत घातले. संध्याकाळी बघते तर सगळ्यांना भेगा. कुणाचं मुंडकं खाली, कुणाचा हात गळालेला. अगं, काळी माती ती, शेताला भेगा पाडते, माझ्या शिपायांना सोडणार आहे? शेतकऱ्याची पोर असून मला एवढं सुचलं नाही, ह्याचाच राग आला. मग आठवलं, आई चूल घालताना मातीत कापूस कुटून घालायची. मी दुकानातल्या गादीचा चिमूटभर कापूस पिंजून मातीत मळला, आणि शिपाई उन्हात न ठेवता जिन्याखाली ओल्या पोत्याच्या आडोशाला ठेवले. सावकाश वाळले. भेगा गेल्या.

त्यांना उभं राहायला खाली काहीतरी बूड पाहिजे. कॅप्टनसाहेबांच्या शिपायांना पितळेच्या चकत्या होत्या. माझ्या शिपायांना दुकानातल्या कोटाच्या गुंड्या. डिंकानं चिकटवल्या. भाल्याला उदबत्तीच्या उरलेल्या काड्या. रंग पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडचे, डब्यांच्या तळाशी राहिलेले, आणि ब्रश म्हणून माझ्या नखपॉलिशच्या बाटलीतला, कात्रीनं टोक काढून घेतलेला. त्या हिवाळ्यात आमच्या खोलीला टर्पेंटाईनचा आणि नव्या कापडाच्या खळीचा मिळून एक वास होता. खाली दुकानात गिऱ्हाईकासाठी कापड टर्रकन फाटायचं, लांब जिनिंगचा भोंगा व्हायचा, रस्त्यानं कापसाच्या गाड्या जायच्या आणि बाभळीच्या काट्यांना कापूस लटकून राहायचा. मी खिडकीत बसून इवल्या माणसांच्या मिशा काढायचे. आजही कुठं टर्पेंटाईनचा वास आला की मी वीस-पंचवीस वर्षांची होते.

आता मराठ्यांच्या समोर फौज कुणाची? निजामाची. हे कळलं तेव्हा आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. निजामाचं सैन्य माझ्या घरात, आणि तेही सुनेच्या हातचं? मामंजी, म्हणजे सासरे, पूजा आटपून येत होते, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओलेच होते. त्यांनी निजामाचा अंमल लहानपणी बघितलेला. शाळेत उर्दू शिकलेले, दुकानात अजून हिशेबाला रोकड, वसूल, बाकी असेच शब्द. ते जिन्यात थांबले आणि सावकाश म्हणाले, “त्यायच्या फौजंत कोण व्हतं मग? हितलीच पोरं व्हती. आपल्याच गावची.”

एवढं बोलून खाली गेले. दुसऱ्या दिवशी मला बोलावून निजामाचं निशाण कसं होतं ते सांगितलं. पिवळं, मधोमध भाकरीसारखा गोल, त्याला कुलचा म्हणायचे. पिवळ्या कापडाची चिंधी स्वतःच कापून दिली.

मामंजींचं ते बोलणं माझ्या डोक्यात बसलं. हितलीच पोरं. मग मी माझ्या शिपायांना पेडगावची तोंडं दिली. एकाला आमच्या थोरल्या चुलत्याचं बसकं नाक. एकाला गावातल्या न्हाव्याची तिरकी टोपी. एक उंच, वाकलेला, तो शेजारचा सालगडी. एक माझा भाऊ. माहेरची आठवण लय यायची तेव्हा, कुणाला सांगायची सोय नव्हती, आणि माती हातात होती. हत्ती मला करता येईना. मी जिवंत हत्ती बघितलाच नव्हता. तर हे मला स्कूटरवर बसवून चारठाण्याला घेऊन गेले. जुन्या देवळाच्या एका खांबाच्या बुडाशी झिजलेला हत्ती होता, तो मी हातानं चाचपून बघितला. येताना करडईची शेतं दोन्ही बाजूला पिवळी झाली होती, आणि हे गाडी चालवता चालवता मागं ओरडून सांगत होते, पायदळ कधी कुठं हलवायचं नाही ते. लग्नाच्या बायकोला कुणी असलं फिरायला नेतं का? मला मात्र तो दिवस फार आवडला होता. तेव्हा सांगितलं नाही.

फासे घरात चालायचे नाहीत, हे आत्याबाईंनी आधीच बजावलं होतं. शिवशरणाच्या, म्हणजे आम्हा लिंगायतांच्या, घरात जुगाराचं सामान नको. मग चिंचोके आले. फोडून अर्धे केलेले, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. ओंजळीत खुळखुळवून टाकायचे आणि पांढरे पडतील तेवढे धरायचे. चिंचोक्यांना त्यांची हरकत नव्हती, त्या स्वतःच लहानपणी खेळलेल्या. अंतर मोजायला दुकानातली टेप. टेकडीसाठी पॉपलीनखाली घडी घातलेले ताग्यांचे तुकडे, आणि नदीला निळ्या सॅटिनची पट्टी.

मी हरायला लागले. नुसती हरले असं नाही, वाईट हरले. कारण माझे शिपाई पुढं जाईनात. म्हणजे मीच जाऊ देईना. भावाला पहिल्या रांगेत कसं घालायचं? चुलता म्हातारा. सालगड्याला चार लेकरं. मी सगळ्यांना टेकडीमागं दाटीवाटीनं उभं करायचे, आणि ह्यांचे घोडे दोन्ही बाजूंनी येऊन वेढा घालायचे. हे एकदा चिडून म्हणाले, तू लढायलीस का सोयरीक जमवायलीस? दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बरं, ही चाल परत घे. हे कधी म्हणाले नाहीत. एकदासुद्धा नाही. मला त्याचा राग यायचा, दोन दोन दिवस मी नीट बोलायचे नाही.

माझी जी माणसं पडायची त्यांना हे आपल्या सवयीनं फळीच्या कडेला आडवं टाकायचे. ते मला बघवायचं नाही. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात, आणि बसवूनच मातीत देतात. मी बिस्किटाच्या डब्यात त्यांना टेकून उभं करायचे, एकमेकाला खेटून. एका सोमवारी आत्याबाई चहा घेऊन वर आल्या, डब्याकडं बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं आता बोलणी खाते. त्या खाली गेल्या, देवघरातली भस्माची वडी घेऊन आल्या, चिमटीत चुरून डब्यात टाकली आणि म्हणाल्या, “असं.” पुन्हा कधी त्यांनी निजामाचं नाव काढलं नाही.

असे कितीतरी सोमवार गेले. उन्हाळ्यात माठातल्या वाळ्याचा वास, बंद दुकानाच्या पत्र्यावर चिमण्यांची नखं, वीज गेली की वर्तमानपत्रानं वारा घालत खेळायचं. मुलगा झाला, तो फळीखाली झोळीत झोपायचा, एका पायानं झोळी हलवत मी तोफा सरकवायचे. पावसाळ्यात शिपायांना बुरशी यायची, मी त्यांना कापडानं पुसून उन्हात धरायचे. आता वाटतं, एवढा वेळ आमच्याकडं होता? कुठून आणला होता?

आणि मग तो सोमवार. त्या दिवशी काय झालं मला सांगता येणार नाही. मी चिंचोके हातात घेतले आणि मनाशी म्हटलं, जाऊ द्या, आपलेच आहेत म्हणून घरात किती दिवस ठेवणार. भावाला पुढं घातला. चुलता, सालगडी, न्हावी, सगळे नदीच्या उतारावर आणून उभे केले. ह्यांनी घोडे घातले. माझी माणसं भराभर पडली, पण रांग मोडली नाही. तेव्हा ह्यांनी राहिलेले सगळे घोडे एकदम नदीत घातले. पाण्यात घोड्याची चाल निम्मी. मागं वळायला जागा नाही. आणि टेकडीवर माझ्या दोन्ही तोफा भरलेल्या.

ह्यांनी बराच वेळ फळीकडं बघितलं. मग उठले, मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि खाली गेले.

मी जिंकले होते. मला नाचावंसं वाटत होतं. त्या घरानं मला काही कमी केलं नाही, खोटं कशाला बोलू. लुगडी मिळाली, दागिना मिळाला, मान मिळाला. पण मिळालं, कुणीतरी दिलं म्हणून. मी स्वतःच्या हातानं घेतलेलं असं हे एकच होतं. आणि रात्री जेवायला बसलो तर संध्याकाळी वर येऊन फळी बघून गेलेले दीर सगळ्यांदेखत हसत म्हणाले, “दादानं जिंकू देलं वैनीला. पण दादा, घोडे कुणी नदीत घालतं व्हय?”

सगळे हसले. हे खाली बघून जेवत राहिले. हो नाही की नाही नाही. मी हातातला घास ताटात ठेवला. कारण दीर म्हणत होते ते खरं होतं. घोडे नदीत कुणी घालत नाही. मला शिकवताना पहिल्याच दिवशी ह्यांनी ते सांगितलं होतं. हा माणूस असली चूक करेल? का दया आली त्याला माझी, इतकी हरणारी बायको बघून? पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा खेळलो, मी पुन्हा हरले, आणि नंतर सगळं बदलत गेलं. आत्याबाई गेल्या, मामंजी गेले, मुलाची शाळा, पुणं. कॅप्टनसाहेबांची फौज आणि माझी फौज भुशात एकत्र घालून पेटी बंद केली. जेवतानाचं ते बोलणं मात्र माझ्यासोबत पुण्याला आलं. भांडण झालं की मनात यायचं, हा माणूस मला नुसतं द्यायलाच बघतो, मी घेतलेलं त्याला चालत नाही. किती वर्षं मी हे मनात धरलं.

काल भुशातून निघतील तेवढे काढले. शिशाचे घोडे जसेच्या तसे. माझी अर्धी माणसं तरी शाबूत, रंग विटलेला, मिशा राहिलेल्या. फळी दुकानातून मागवून घेतली, ह्यांच्या खुर्चीसमोर दोन पेट्यांवर टेकवली. खाकी कापड मागवलं. दीर म्हणाले, वैनी, सामान बघायचं का खेळायचं? मी म्हटलं, दोन्ही.

सगळं मांडलं, नदी, उतार, टेकडी. ह्यांची खुर्ची फळीकडं वळवली. म्हटलं, खेळायचं का? हे माझ्या खांद्यावरून खिडकीकडं बघत होते. त्यांची पाळी आली की मी चिंचोके त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवायचे आणि तळहात धरून उलटा करायचे. त्यांनी करू दिलं. त्यांचे घोडे मीच सरकवले, त्यांच्या जुन्या पद्धतीनं, जमेल तसे. दोन्ही बाजूंनी मीच खेळत होते म्हटलं तरी चालेल. आणि त्यांचा तो गप्प चेहरा बघता बघता मला भरून आलं. मनात म्हटलं, आज ह्यांना जिंकू दे. दुसरं काय देणार आहे मी ह्यांना? उतारावरचं पायदळ मी हळूच मागं ओढलं, दोन रांगा, आणि घोड्यांना वाट मोकळी करून दिली. शिकाऊ पोरालाही दिसलं असतं, असली चाल.

शालीतून ह्यांचा डावा हात बाहेर आला. मला वाटलं पाणी पाहिजे. हात फळीवर आला आणि माझ्या पायदळापाशी थांबला. मग हाताच्या पाठीनं त्यांनी माझा पहिला शिपाई पुढं ढकलला, उतारावर, होता तिथं. मग दुसरा. एक आडवा झाला, त्याला दोन बोटांनी धरून उभा केला, त्याला फार वेळ लागला. कपाळावर घाम आला. दोन्ही रांगा जागच्या जागी नेल्यावरच थांबले आणि माझ्याकडं बघितलं. रागावले होते. चांगलेच रागावले होते. असे ते कित्येक महिन्यांत माझ्यावर रागावले नव्हते.

मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. अहो, ज्या माणसाला आयती दिलेली जीत ह्या अवस्थेतसुद्धा घेववत नाही, तो दुसऱ्याला देईल? घोडे नदीत घातले ती चूकच होती. ह्यांची, खरीखुरी, घाबरून केलेली चूक. माझ्या रांगेला घाबरून. त्या रात्री जेवताना हे खाली बघत होते ते हरले होते म्हणून.

मी रडले. भुशाच्याच हातांनी डोळे पुसले, तर ते आणखी चुरचुरायला लागले. खालून दिरांनी चहाला हाक मारली. मी ओरडून सांगितलं, थांबा, खेळ चालूय. आणि वळून बघते तर ह्यांनी डावा तळहात आपणहून फळीवर उघडा धरला होता. पाळी त्यांची होती.